शेंदराखालचा मारुती

आमच्या पिशोरकडच्या वस्तीत सर्जेरावाइतका संशयी माणूस दुसरा झाला नाही. नारळ कानाशी हलवल्याबिगर तो घरात घ्यायचा नाही. सोयरीक बघायला गेला तर पोरीच्या आधी घरामागचा उकिरडा बघायचा. त्याची बायको भामाबाई म्हणायची, "माज्या कानातलं सोनं ह्यांनी मांडवातच दातानं चावून बघितलं."

म्हणूनच पारावर नवा मारुती आणायची पाळी आली तव्हा सगळ्यांना सर्जेरावच आठवला. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना पाराला धडकली आन मारुतीचा गदेचा हात गेला. भंगलेली मूर्ती पुजत नसतात. ती नदीत सोडली, वर्गणी झाली, आन मंदिर कमिटीचे नानासाहेब म्हणाले, "सर्जेराव, नवी मूर्ती तूच आन. शहरात सिमेंटला काळं फासून दगूड म्हून इकत्यात. तुला कुनी फशिवनार नाय."

सर्जेरावाची छाती फुगली. शहरात छावणीच्या अंगाला राजेंद्र नावाचा मूर्तिकार होता. त्याच्या शेडात हा अर्धा दिवस होता. काळ्याभोर मारुतीवर नाणं वाजवलं, पाठीला अंगठा घासला, शेवटी थुंकी लावून वास घेतला.

राजेंद्र म्हणाला, "काका, देव हाये तो."

"परानपरतिष्ठा व्हयस्तोवर दगूड हाये. आन दगूड हाये का नाय, तेच बघायलोय."

अंगठ्याला काळं लागलं नाही. सौदा झाला. सर्जेराव नाक्यावरनं पिकअप घेऊन आला, तवर मूर्ती पोत्यात बांधून तयार. डोळ्यांवर पट्टी. प्रतिष्ठेआधी देवाचे डोळे झाकतात, हे त्याला ठाऊक होतं. तरी वाटभर तो मागं मूर्तीशेजारी बसला, आन वस्ती जवळ आली तसं त्याचं तोंड बारीक होत गेलं. मी बघितली तीच ही का?

रिवाजाप्रमाणं मूर्ती रातभर पाण्यात ठेवली. सकाळी बघतात तर पाणी काळं.

सगळे पाण्याकडं बघायचं सोडून सर्जेरावाकडं बघायला लागले.

"वाटंत कुटं थांबला व्हता का रं?" नानासाहेबांनी विचारलं.

"च्याला. पर गाडीतनं उतरलो नाय."

"मंग च्या उडत आला व्हय?"

मूर्ती घासली तर राखाडी निघाली. राखाडी दगडबी असतो आन सिमेंटबी. नाणं वाजवलं तर भिजल्यामुळं आवाज बद्द. राजेंद्राला फोन लावला. तो म्हणाला, "काका, तेल-काजळी चोळतोच आम्ही, चमक येती. तुम्ही गाडी आणायला गेला तव्हा चोळली."

"आन त्याच्या आधी काळी कशानं व्हती?"

तिकडनं 'आवाज येत नाय' म्हणून फोन तुटला.

सर्जेराव छन्नी घेऊन आला. "पारात गाडला जातो त्या अंगाचा टवका काढतो."

प्रतिष्ठेला आलेल्या हेमचंद्र गुरुजींनी हात धरला. "टवका काढलास की भंगली. मग खरी निघाली तरी पुजता येणार नाही."

"आन खोटी निघाली तर?"

"तर पुन्हा वर्गणी," मागून कुणीतरी बोललं. त्या शब्दानं निम्म्या लोकांचा संशय जागेवर थंड झाला.

नानासाहेब म्हणाले, "शेंदूर लावा. शेंदराखाली कोन बघतंय?"

सर्जेराव शेंदराच्या वाटीपुढं आडवा झाला. "एकदा शेंदूर चढला की मी जलमभर चोर."

"चोर कोन म्हनतंय तुला?"

"कुनीच म्हनंना, तेच तर."

शेंदूर चढलाच. आता सर्जेराव दुकानात गेला की दुकानदार त्याची नोट उजेडाला धरतो. सोयरीक जुळवायला त्याला कुणी नेत नाही. दर शनिवारी तो पारावर जातो, हात जोडायच्या आधी मारुतीच्या कानामागं नख फिरवतो. शेंदराचा थर किती जाड झाला, ते बघतो. थर लई जाड झाला की शेंदराची अख्खी खोळ आपसूक गळून पडती आन खालची मूर्ती उघडी होती. त्याला वर्षं लागतात, पण पडती.

परवा तो भामाबाईला म्हणाला, "खोळ पडंल तव्हा मी नसलो तर तू पुढं व्हय. कुनाचं ऐकू नको, तूच नख लावून बघ."

"आन सिमेंट निघालं तर?"

सर्जेराव तिच्या कानाशी वाकला. "तर कुनी बघायच्या आत परत शेंदूर लाव."

त्या शनिवारी तेल घालताना भामाबाईनंबी मूर्तीवर बोट वाजवून बघितलं.