अर्विलाची न थांबणारी खेचरं

अर्विला चॅपेल खेचरं घेऊन डोंगराकडे निघाली की आमच्या गावात तिला कोणी "थांब गं जरा" म्हणत नसे. म्हणूनही उपयोग नव्हता. खेचरांच्या पाठीवर दुधाचे मोठाले कॅन असत आणि त्यांत बोटाएवढी ट्राउट माशांची पिल्लं. खेचर चालतं तोवर पाणी डुचमळतं, त्यात हवा मिसळत राहते, पिल्लं जगतात. खेचर थांबलं की ती पोट वर करून तरंगलीच म्हणून समजा. वरच्या तळ्यावर बर्फ जाड धरला की तिथले मासे हिवाळ्यात गुदमरून मरत, आणि नवे नेऊन सोडायचं काम अर्विलाचं. असलं काम दुसऱ्या कुणाला जमलंही नसतं.

तिच्याशी बोलायचं असेल त्याने सोबत चालायचं. दुकानदार एप्रनसकट वेशीपर्यंत चालत यायचा. खेचराचं नाव 'बिशप' ठेवल्याची तक्रार खुद्द आमच्या चर्चच्या बिशपसाहेबांनीही धापा टाकतच केली.

"तुमचं नाव नाही ठेवलं, हुद्दा ठेवलाय," ती चालता चालता म्हणाली. "तोही कुणाचं ऐकत नाही."

तरुणपणी डेलमारने तिला लग्नाची मागणी घातली तीही अशीच. गावातून सोबत निघाला खरा, पण अ‍ॅस्पेनच्या झाडांच्या राईपर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्या पांढऱ्या खोडांत शिरल्यावर एकदाचं विचारलं, तर ही म्हणाली, "आधी कॅन रिकामे होऊ देत." शेवटचं पिल्लू तळ्यात गेल्यावरच 'हो' म्हणाली. गाव अजून हसतं त्यावर.

पुढे म्हातारपणी, एका सप्टेंबरात, डेलमारचं हृदय थकलेलं होतं. डॉक्टरांनी चढ बंद केला होता. तरी सकाळी बूट घालून गडी दारात हजर.

"मी येतोय. राई पिवळी झाली असेल."

"मग घोड्यावर बस."

"घोड्यावर बसून मागणी घातली नव्हती मी."

"म्हातारचळ लागलाय तुला," अर्विला म्हणाली. पण खेचरांची चाल तिने हळू केली, पाणी हलत राहील इतपतच.

राईत शिरले तेव्हा वारा नव्हता, तरी पानं थरथरत होती. डेलमार एका पडलेल्या खोडावर मटकन बसला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"तू हो पुढे. पिल्लं मरतील."

"आणि तू?"

"मी बसतो इथे. पानं बघतो."

अर्विलाला त्याचा भयंकर राग आला. आला कशाला हा मेला! आयुष्यात भरल्या कॅननिशी ती कधी थांबली नव्हती, आणि याला असा टाकून जाणं तिला शक्य नव्हतं. तिने बिशपचा दोर ओढला, खेचरं वळवली आणि त्या खोडाभोवती फेरे घालायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" डेलमारने विचारलं.

"चालतेय."

"मला गरगरतंय."

"डोळे मीट. पण बोलत राहा, म्हणजे तुझ्या पाठीमागून जाताना मला कळेल तू शुद्धीवर आहेस."

मग तो बोलत राहिला. मागणी घातली त्या दिवशी पायात भावाचे बूट होते, लहान व्हायचे, टाचा पार सोलून निघाल्या होत्या.

"हे कधी बोलला नाहीस मला!"

"तू थांबली होतीस कुठे?"

ती हसली आणि चालत राहिली. डोळ्यांना पाणी आलं होतं, पण ते पुसायला हात मोकळा नव्हता. खोडाभोवतीचं गवत पार तुडवलं गेलं, तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग दोघं सावकाश तळ्यावर पोचली. थोडी पिल्लं दगावली होती, बाकीची सळसळत पाण्यात गेली.

रिकामा कॅन उपडा करून डेलमार त्यावर बसला. "आता विचारू?"

"विचार की."

त्याने पुन्हा तेच विचारलं. ती पुन्हा 'हो' म्हणाली.

हिवाळ्यात डेलमार गेला. पुढच्या सप्टेंबरात अर्विला भरले कॅन घेऊन राईत आली आणि त्या खोडापाशी तिने बिशपला वळवलं. तिला घाई होती, तरी पूर्ण फेरा घातला. या खेपेला बोलायचं काम तिनेच केलं.