गुनिलाबाईंच्या कादंबरीचा शेवट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि त्याला तर मी ऑफिसातली भांडणंही तिखटमीठ लावून सांगते. मग तुम्हालाच का? कुणास ठाऊक.

इथे आयर्लंडमध्ये, डून लेरी गावात, आमच्या शेजारी गुनिलाबाई राहायच्या. मूळच्या स्वीडनच्या, कादंबरीकार आणि साहित्याच्या अभ्यासक. कादंबऱ्यांचे शेवट हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. घाबरट लेखक शेवटी सगळं सावरून घेतो, म्हणायच्या, आणि अशा हसायच्या की त्या लेखकाची कीव यावी. रविवारी त्या वेलची घातलेले गोड पाव भाजायच्या आणि मला — दिवसभर कोड बडवणाऱ्या बाईला — पुस्तक कसं वाचायचं ते शिकवायच्या. काय दिवस होते ते! अजूनही त्या रविवारांच्या आठवणीने जीव कासावीस होतो.

त्यांच्या शेवटच्या कादंबरीत एक आई लहान मुलीला सोडून परदेशी जाते. परत जातच नाही. ती आई म्हणजे त्या स्वतः, हे तोवर त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. ते लिहायचं धैर्य गोळा करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. त्यातलं शेवटचं प्रकरण मी इंग्रजीवरून मराठीत केलं, आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात वाचायला.

आणि — कसं सांगू? मी शेवट बदलला. आईला परत पाठवलं. दार उघडतं, मुलगी गळ्यात पडते, वगैरे. ऐन सणात, नटूनथटून आलेल्या लोकांपुढे, पोर टाकून गेलेली आई वाचायची? शेवट गोड तर सगळं गोड, अशी मनाची समजूत घातली. खरं तर लोक मला नावं ठेवतील, याचीच भीती होती.

बॉल्सब्रिजच्या हॉलमध्ये गुनिलाबाई पहिल्या रांगेत, मी नेसवलेल्या साडीत, एक अक्षर न कळता ऐकत बसल्या होत्या. ही त्यांची स्वतःचीच गोष्ट आहे, हे त्यांच्याच सांगण्यावरून मी वाचण्याआधी सगळ्यांना सांगितलं होतं. बायका डोळे पुसत होत्या. "कसलं ग्रँड लिहिलंय गं हिने! मेकअप गेला ना यार माझा," म्हणत एकीने तर त्यांना मिठीच मारली.

परतताना डार्टच्या लोकल गाडीत त्यांनी माझा हात सोडला नाही. म्हणाल्या, "मीनल, मी काय केलं ते ऐकूनही त्यांनी मला जवळ घेतलं."

मी नुसती मान डोलावली.

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या, समाधानाने. त्यांचं ते खरं त्या हॉलमध्ये कुणी ऐकलंच नव्हतं. मी ऐकू दिलं नव्हतं.