बहिणीची जीन अन् आईची पौर्णिमेची साडी

लहान बहीण पुण्याले नोकरीले लागली आन् पहिल्याच सुटीत जीन घालून घरी आली. कोरपन्याच्या बसस्टँडवर तिले घ्यायले मीच गेली होती. खोटं काऊन सांगू, तिचा चेहरा मी नंतर पाह्यला, आधी जीन पाह्यली.

मी शिवणकाम करते. कपडा कसा बसला हे मले दुरूनच समजते. कंबरेत नेमकी, मांडीवर ओढ नाई, मागं झोल नाई, गुडघ्याखाली सरळ पडलेली. माझ्याजवळही एक जीन आहे, चंद्रपुरातून घेतलेली, ताणली जाणारी. दुकानदार म्हणे, अंगावर मस्त बसते. बसली ना, दोन महिने. मग गुडघे पुढं आले आन् बूड मागं लोंबलं. लहानपणी माझेच उतरलेले फ्रॉक घालून मोठी झाली ही पोरगी. माझ्या अंगाची आग आग झाली.

घरी आल्यावर मलेच शिकवायले बसली. जाड कापडाची जीन घेताना कंबरेत थोडी घट्टच घ्यायची म्हणे, वापरून सैल होते. रंग कच्चा असते, तं उलटी करून थंड पाण्यात वेगळी धुवायची. वीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईले हे कापड शिकवून राह्यली होती. वर म्हणे, ताई, खालून दोन बोटं कमी करून दे. दिली करून. एक सुई मोडली माझी तिच्यापायी.

मशीनचं तेल लागलं होतं, ते पुसायले तिनं जीन न्हाणीत नेली आन् दगडावर ठेवून आली. तिथंच बादलीत आईची पांढरी साडी भिजत होती. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. विहारात सगळेच पांढरे कपडे घालून जातात, पण या वर्षी वंदना सांगायचा मान पहिल्यांदा आईले मिळाला होता. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाईनं त्यासाठी नवी साडी घेतली होती. खळ जावी म्हणून पाण्यात टाकली होती.

मी न्हाणीचं दार लावून जीन घालून पाह्यली. मांडीवर अडकली ते अडकलीच. श्वास धरला, उड्या मारल्या, काही उपयोग नाई. काढली आन् आईच्या साडीखाली दाबून दिली. आई काही माझ्या डोक्यात नव्हती. लहानीले एकदा तरी शिव्या पडल्या पाह्यजेत, एवढंच होतं.

तासाभरानं बहिणीनंच साडी वर काढली. अर्धी साडी निळी. तिचं तोंड उतरलं. दगडावरून जीन घसरली असन, माझीच चूक, असं म्हणत ती रडायले लागली. आई आली, साडी दोरीवर पसरली आन् बराच वेळ पाहत राह्यली. मी शिव्यांची वाट पाहून राह्यली होती.

"रडू नको," आई तिले म्हणाली. "निळाच तं आहे. विहारावरच्या झेंड्याचा रंग आहे, आपलाच आहे."

मे महिन्याच्या उन्हात साडी लगेच वाळली. पौर्णिमेले आई तीच नेसून सगळ्यांसमोर उभी राह्यली आन् एकही शब्द न चुकता वंदना सांगितली. नंतर बायांनी साडीचं विचारलं, तं ती सगळ्यांले सांगत सुटली, माह्या लहानीच्या जीनचा रंग आहे, पोरगी पुण्याहून घेऊन आली. लहानी बाजूलेच उभी, आईचा हात तिच्या खांद्यावर.

मी मागं चपलांजवळ होती. तेव्हा मले पहिल्यांदा वाटलं, पुढं जाऊन सांगून टाकावं की हे मी केलं. पश्चात्ताप वगैरे काही झाला नव्हता मले. तो हात माझ्या खांद्यावर पाह्यजे होता.