रिबेकाबाईंचा दुभाषा

बायकोनं गूळपोह्यांत वेलदोडा घातला की मी स्वयंपाकघरातून उठतो. का, ते तिला कधी सांगितलं नाही.

२००४ साली मी नॉटिंगहॅमला ज्युनियर डॉक्टर होतो. वॉर्डात अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, रिबेकाबाई होत्या. स्ट्रोकनं त्यांचं इंग्रजी बोलणं गेलं, मराठी उरली. इंग्रजी समजायचं मात्र सगळं.

"फाळणीत कराची जळताना पळालो, इस्रायलात तंबूत धाकटी लेक गेली, मग इथे. आता घरीही एकटी राहीन, बाळा. मलिद्याचा नवस आहे, त्यासाठी पोहे, गूळ, वेलदोडा आणून ठेवलेत. सांग त्यांना."

"काय म्हणतायत?" कन्सल्टंटनं विचारलं.

मला बर्मिंगहॅमची ट्रेन गाठायची होती, सगळं सांगत बसलो तर ती चुकली असती. "कन्फ्यूज्ड आहेत," मी म्हणालो. "घरी एकट्या नकोत."

त्यानं फॉर्मवर केअर होम लिहिलं. रिबेकाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दमलास होय रे? जा, जेव आधी."