मुद्दाम घसरलेला सूर

आमच्या शेजारचा दादा मुरबाड-कल्याण जीप चालवायचा आन् संध्याकाळी ओट्यावर बसून मेंडोलीन वाजवायचा. कॅशेट ऐकून जाझची सरगम शिकत होता. तीच चढायची, तीच उतरायची. मधला एक सूर हटकून खाली यायचा, आन् मी कुडाआडून वरडायचो, "दादा, घसरला!" मला आरतीची टाळी पण जमत नाय, पण चुका काढायला मी पयला.

"जाझमधे तो सूर मुद्दामच घसरवायचा असतो रे," तो म्हणायचा. "रोज घासावं लागतं. हात थांबला का बोटं विसरतात."

माझा बा गेला तेव्हा सुतक आमच्या घरी होतं, दादाच्या घरी नाय. तरी त्याचा ओटा गप झाला. मला वाटलं, सोडलं यानं. एका संध्याकाळी बघतो तर मेंडोलीन मांडीवर, आन् डाव्या हाताची बोटं तारांवरून चढत-उतरत होती. तार छेडायचा उजवा हात नुसता गुडघ्यावर ठेवलेला.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर मीच म्हटलं, "दादा, वाजव आता."

त्यानं वाजवलं. त्या घसरणाऱ्या सुरावर आला आन् थांबला, माझ्याकडं बघत.

"घसरला," मी म्हटलं.

मग त्यानं पुढचा सूर लावला.