थंड गाडी ऐकनारा बशीरमिस्त्री

त्या सकाळी गॅरेजात आमी एवढीच मानसं व्हतो. मी, माझा धाकला दीर दामू, आमच्या ट्रकचा डायवर निवृत्ती आन बशीरमिस्त्री.

मिस्त्रीचं गॅरेज वाघोलीत, नगर रोडच्या कडंला. त्याची एक रीत व्हती. गाडी आनली की लगेच बघायचा न्हाय. "गरम गाडी खोटं बोलती," म्हनायचा. "ऱ्हाऊ द्या हितंच. सकाळी थंड आसती तवा ऐकतो." मग सकाळी गाडी चालू करायला लावायचा आन लांब पेचकसाचं टोक इंजिनला, मूठ कानाला लावून, डोळं मिटून हुभा ऱ्हायचा. त्या वक्ताला कुनी बोललेलं त्याला खपायचं न्हाय.

माझे मालक, पोरांचे वडील, जाऊन तवा वरीस व्हत आलं व्हतं. मागं ती एक गाडी. खानीवर खडी भरायची, घाट चढून पोचवायची. त्यावर माझी पोरं आन निवृत्तीचं घर चालायचं. आता ती नुसता धूर वकायची, इंजिनच्या पान्यात तेल उतरायचं. दामू म्हनायचा, जुन्या गाडीत पैसं घालू नका, इकून टाका. इकली तर खायचं काय, ते मातर सांगायचा न्हाय. माझं आपलं एकच, काय बी करा पन हेच इंजिन नीट करा. मालक रोज सकाळी त्याला हात लावून पाया पडायचे. ते बाहेर काढायचं माझ्या जिवावर आलं व्हतं.

मिस्त्री ऐकत व्हता तरी दामूचं तोंड चालूच. मिस्त्रीनं डोळं न उघडताच म्हनलं, "दामूशेठ, गाडीला सायलेन्सर हाय. तुमालाबी बसवू का?" निवृत्ती तोंड फिरवून हासला.

दुपारपतुर इंजिन खोललं आन मिस्त्रीनं मला जवळ बोलावलं. आतल्या ब्लॉकला, म्हंजी इंजिनच्या मुख्य लोखंडी ठोकळ्याला, केसासारखी चीर. चिरंवर वेल्डिंगचा जुना टाका, आन टाक्याच्या पुढं चीर परत निघालेली.

"ह्यो टाका माझाच हाय, वहिनी," तो म्हनला. मालकांनी घालायला लावला व्हता, आन घरी बोलू नको म्हनून बजावलं व्हतं. मला काय बी ठाव नव्हतं. मी म्हनलं, मग आनिक एक घाला.

तो हात पुसत खाली बसला. 

"तवा मालक सोता चालवायचे. आता ह्यो चालवतो. भरल्या गाडीचं इंजिन घाटात जाम झालं, तर ह्याच्या बायकूला म्या काय सांगायचं?" मग हळूच म्हनला, "मालक ह्या लोखंडात न्हाईत, वहिनी."

मी निवृत्तीकडं बघितलं. तो खाली मान घालून हुभा. मी चालव म्हनले असते, तर त्याच इंजिनावर घाट चढला असता, चकार शब्द न काढता.

मी म्हनलं, काढा.

पैसं कसं हुभं केलं ते जाऊ द्या. दुसऱ्या गाडीचं चांगलं इंजिन मिस्त्रीनं सोता हिंडून आनलं, तेबी थंड ऐकूनच. त्यावर गाडी लई वर्सं चालली. पोरं शिकली, निवृत्तीच्या लेकी नांदायला गेल्या.

जुना ब्लॉक भंगारवाला मागत व्हता. मिस्त्रीनं दिला न्हाय. गॅरेजच्या दारात लिंबाखाली आडवा टाकला. मी गेले की म्हनायचा, "बसा वहिनी, घरचंच हाय." गाडी व्हईस्तवर मी तिथंच बसायची. मालक ह्यात न्हाईत म्हननारा त्योच, आन रोज सकाळी त्यावरची धूळ फडक्यानं झटकनाराबी त्योच.

मिस्त्री मागल्या उन्हाळ्यात गेला. त्याच्या आधीच रोड रुंद झाला, गॅरेज गेलं. लिंब आन ब्लॉक तेवढा ऱ्हायलाय, सोसायटीच्या भिंतीला लागून. माझ्याच्यानं आता तिथवर जाववत न्हाय. तुमी त्या रोडनं गेलात तर बसा त्यावर, दम खावा. फकस्त पान खाऊन त्यावर थुकू नका.