लायकस नंबर तीन
डिझेल आणि ओल्या सुंभाचा वास आला की साठच्या दशकातली दुबईची खाडी आठवते. तिथल्या एका मालगोदामात आम्ही एकाच नावाचे चौघे कोकणी कामाला होतो. आपसात आम्ही गावावरून हाक मारायचो, दाभोळवाला, हर्णैवाला अशी. पण आमच्या इंग्रज साहेबाला तेवढंही लक्षात ठेवायचं नव्हतं. त्याला ग्रीक-रोमन पुराणांचा भारी नाद. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "त्या कथांत लायकस नावाचे कितीतरी जण आहेत. एक राजा, एक नुसता तटावरून खेचून मारलेला. तुम्ही तसेच!" त्या दिवसापासून आम्ही लायकस एक, दोन, तीन, चार झालो. मी चौथा. वर आम्ही हसलोही, गाढवासारखे. मग एका दुपारी पोती उतरवताना दाभोळवाला मालाची सपाट बार्ज आणि धक्क्याच्या मध्ये चिरडला. आम्ही त्याला चटईवर ठेवलं, तोंडावर माझा पंचा टाकला. साहेब धावत आला. "कौनसा गया?" "दाभोळवाला, साब." त्याला कळेना. "नंबर?" "तीन." त्याने टोपी काढली, क्षणभर उभा राहिला. टोपी परत घालत मला म्हणाला, "खलास. कल से तुम तीन." परवा दुबईतल्याच अल कुसैसच्या घरी नात ग्रीक कथांचं पुस्तक वाचत होती. तिला म्हटलं, त्यात लायकस आहे का बघ. तिने विचारलं, "विच वन, दादा?" मी म्हटलं, "दाभोळवाला."